अस्तरावरचे डाग

डाग लोखंडाचे होते. मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्यांच्या नावानं ओरडण्याआधी हे सांगून टाकलेलं बरं, कारण ओरडायचं तर आहेच.

धंतोलीतल्या कमल जलतरण मंडळाचा टँक मी सांभाळत होतो. हुद्दा ‘टँक अटेंडंट’. म्हणजे पाणी भरायचं, फिल्टरची वाळू धुवायची, ब्लीचिंग पावडर कालवायची, मेंबरांच्या पोरांचे बुडालेले चष्मे काढायचे आणि संडास तुंबला तर तोही काढायचा. टँकच्या मागे एक खोली होती. तिच्यात मी आणि माझी बायको प्रेमिला. प्रेमिला महिला बॅचची अटेंडंट. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला असायची.

महिला बॅच दुपारी तीन ते चार. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी तीनला कुत्रं सावली सोडत नाही. ती वेळ बायकांना. सकाळ-संध्याकाळ पुरुषांना.

हे डाग पडायच्या तीन वर्षं आधी टँकच्या तळाला तडा गेला होता. नवा बांधायच्या ऐवजी कमिटीनं मुंबईहून जाड निळ्या प्लास्टिकचं अस्तर आणून आत बसवलं. बसवणारा माणूस दोन गोष्टी बजावून गेला. याला तारेचा ब्रश लावायचा नाही, अ‍ॅसिड तर दाखवायचंही नाही. आणि उन्हाळ्यात टँक कधी रिकामा करायचा नाही, अस्तर आखडतं आणि सांधे उकलतात. म्हणजे काय घाण झाली ती पाण्याखालीच काढायची. काढणारा कोण, तर मी.

सन १९८१ च्या उन्हाळ्यात कॉर्पोरेशनचा नळ दिवसाला वीस मिनिटांवर आला. मंडळाचे सेक्रेटरी दत्तोपंत, सरकारी ऑडिटमधून रिटायर झालेला माणूस, त्यांनी आवारात बोअर मारली. नारळ फोडला. पहिली धार आली तेव्हा स्वतः ओंजळ धरली आणि म्हणाले, “बघ रुपराव, काच आहे काच!”

काचेसारखंच होतं. मी एक बादली भरून कोपऱ्यात ठेवली. संध्याकाळी पाहतो तर वर तेलकट साय आणि तळाला लाल गाळ. मी कळमेश्वरकडच्या गावचा. आमच्या एका हापशीचं पाणी असंच होतं, त्यात भात शिजवला की तांबूस व्हायचा. त्या पाण्यात लोखंड असतं हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, जिभेला कळायचं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण दत्तोपंतांच्या कपाळावर अजून नारळाच्या पूजेचं कुंकू होतं, आणि परवा पोरांची उन्हाळी बॅच सुरू होणार होती. मी बोअरच्या पाण्यानं टँक भरला. पाणी नवीन म्हणून ब्लीचिंग पावडर दुप्पट टाकली. तासाभरात अख्खा टँक स्टेशनवरच्या चहासारखा झाला. दोन दिवसांनी पाणी निवळलं आणि पाण्यातला सारा लाल रंग अस्तरावर जाऊन बसला.

बसला तर बसला, पण कुठं? बोअरचा पाइप उथळ बाजूला सुटत होता, बायकांच्या पायऱ्यांशेजारी. तिथं सगळ्यात गडद. निळ्या प्लास्टिकवर तांबडे-तपकिरी पट्टे, वाळलेल्या रक्ताच्या रंगाचे.

रविवारी शेडखाली कमिटी बसली. मी चहा देत होतो.

“डाग कुठं आहेत ते पाहिलं न?” दत्तोपंत म्हणाले. “लेडीजच्या पायऱ्यांपाशी. रंग पाहिला न? मी जास्त बोलत नाही.”

“म्हणजे?” एकानं विचारलं.

“अहो, घरी बायका तुमच्याही आहेत. पूर्वी चार दिवस बाजूला बसायच्या. आता अडचण असो नसो, चालल्या पाण्यात. आणि प्लास्टिक आहे ते, धरून ठेवतं.”

दत्तोपंतांच्या शेजारी मधुसूदन सर बसले होते. एका कॉलेजात वीस वर्षं केमिस्ट्री शिकवणारा माणूस. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. आता बोलतील, मग बोलतील. सरांनी बशीत चहा ओतला आणि बशीकडे पाहत राहिले.

मीही किटली धरून उभा होतो. दुप्पट पावडर कोणी टाकली, हा प्रश्न माझ्याकडे यायच्या आधी दुसरीकडे वळला होता. मी पुढच्या कपात चहा ओतला.

सोमवारी दत्तोपंतांच्या वळणदार अक्षरात बोर्डावर नोटीस लागली. ‘तांत्रिक कारणास्तव महिला बॅच पुढील सूचनेपर्यंत बंद.’ तांत्रिक! चार टोणग्यांनी शेडखाली बसून बायकांच्या अंगाची चौकशी केली, त्याला हे नाव.

प्रेमिलाचं त्या बॅचमध्ये काय अडकलं होतं ते सांगतो. तिची मोठी बहीण जयवंता सासरच्या विहिरीत गेली. लोकांनी काहीबाही उठवलं, पण ती पाय घसरून पडली होती. काठावर चार बाया होत्या, त्यातली एक प्रेमिला. चौघींनी ओरडण्यापलीकडे काही केलं नाही, कारण चौघींतल्या एकीलाही पोहता येत नव्हतं. दोर सोडला तोवर हात दिसेनासा झाला. त्यानंतर प्रेमिला विहिरीवर पाण्याला गेली की दोन पावलं मागे उभी राहून दोर ओढायची, आणि सासूची बोलणी खायची.

इथं आल्यावर यमुताईंनी तिला धरलं. यमुताई महाल भागातल्या, शाळेच्या रिटायर हेडबाई, पंचावन्न वर्षांच्या, महिला बॅचच्या मुख्य. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “काय गं, एखादी बुडायला लागली तर तू काय करशील? टॉवेल फेकशील?” आणि स्वतःचा जुना पंजाबी ड्रेस देऊन तिला शेवटची पंधरा मिनिटं पाण्यात उतरवायला लागल्या. पहिला महिना प्रेमिला कठड्याचा दांडा सोडायची नाही. मग एका हातानं सोडला. नोटीस लागली त्याच्या आदल्या आठवड्यात ती दांडा सोडून सोळा हात पुढे गेली होती. यमुताईंनी तिला हद्द घालून दिली होती. पावसाळ्यात टँक बंद व्हायच्या आत खोल बाजूनं रुंदी पार करायची, पस्तीस फूट, मधे कुठं न धरता. “पार केलीस की मग तुला मी अटेंडंट म्हणेन. तोवर तू टॉवेलवाली.”

प्रेमिला रात्री जेवताना मला पस्तीस फुटांचा हिशेब सांगायची. आज इतके हात झाले, आता इतके उरले. आणि आता नोटीस.

नोटीस तिनं वाचली. चौथीपर्यंत शिकलेली आहे. खोलीत आली आणि विचारलं, “तांत्रिक म्हंजे?”

मी सांगितलं. खरं काय बोलले तेही सांगितलं. ऐकताना ती भाकरी थापत होती, तिचे हात थांबले.

“आन् तो डाग कायचा हाये?”

“लोखंडाचा. बोअरच्या पान्याचा.”

“तुमाले कवापासून माईत हाये?”

“पयल्या दिसापासून.”

“मंग बोलले काहून नाई?”

“पावडर मीच टाकली होती वं. दुप्पट. नोकरी गेली असती.”

तिनं थापलेली भाकरी पुन्हा गोळा केली. “म्हंजे तुमची नोकरी वाचवाले तुमी माह्या अंगावर रक्ताचा डाग ठेवला. माह्या, यमुताईच्या, साऱ्या बायांच्या. आन् वरून चहा पाजला त्याईले.”

मी उठून ब्रश शोधायला बाहेर गेलो.

मी डाग काढायला लागलो. दुसरं काय करणार? लांब बांबूला नायलॉनचा ब्रश बांधला आणि घासला. काही नाही. धुण्याचा सोडा फडक्यात बांधून घासला, तळहाताची सालं निघाली, डाग तसाच. पितळेची भांडी चिंचेनं निघतात म्हणून चिंच कोळून लावली. पाण्यात चिंच टिकते का? सारी वाहून गेली आणि दुसऱ्या दिवशी फिल्टरमधून चिंचोके काढत बसलो. मेंबर काठावरून सल्ले देत होते. एक म्हणे राख. एक म्हणे रॉकेल. पोहायच्या पाण्यात रॉकेल! काठावर उभं राहून बोलणाऱ्याला अंग भिजवावं लागत नाही.

दत्तोपंतांनी संडास धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली आणून दिली. मी म्हटलं, “साहेब, त्या मानसानं नाही म्हणून सांगितलं होतं.”

“तो मुंबईला गेला. तू मला शिकवून राहिला काय?”

अस्तराचा एक उरलेला तुकडा माळ्यावर होता. तो आणून त्यांच्यासमोर अ‍ॅसिडचे चार थेंब टाकले. प्लास्टिक फिकं पडलं आणि कोपऱ्यातून गुंडाळायला लागलं. दत्तोपंतांनी बाटलीचं बूच लावलं आणि जाताना मलाच म्हणाले, “तुला बारा दिवसांत एक डाग निघत नाही.”

तेराव्या दिवशी मी काठावर बसलो होतो. प्रेमिलाचं माझ्याशी बोलणं कामापुरतं होतं. ती आली, हातात माझं पांढरं धोतर. खिळा लागलेल्या पेटीत ठेवलं होतं म्हणून त्याला गंजाचा डाग पडला होता.

“हे पाहा,” तिनं लिंबू कापलं, मीठ लावलं, डागावर चोळलं आणि उन्हात धरलं. डाग पिवळा झाला, मग गेला.

“हे तर साऱ्यांले माईत हाये,” मी म्हटलं.

“साऱ्यांले कोठी? बायांले. रक्ताचा डाग लिंबानं निंगते का? तो थंड्या पान्यानं निंगते. लोखंडाचा लिंबानं निंगते. मानसाईले हे कुटून माईत राहीन? जल्मात एकानं आपलं धोतर धुतलं नाई.”

“पन पान्याखाली लिंबू कसं चोळू?”

“लिंबूसत आना इतवारीतून. पुरचुंडी बांधू. मी उभी राहतो त्याच्यावर.”

मी इतवारीच्या बाजारातून लिंबूसत आणलं, सायकलवर, भर दुपारी. तिनं जुन्या लुगड्याच्या फडक्यात साखरेसारखे ते खडे बांधले. आम्ही आधी करून पाहिलं नाही. ती म्हणाली, करायचं तर त्यांच्यासमोर. यमुताईंना निरोप दिला. यमुताईंनी दत्तोपंतांना आणि मधुसूदन सरांना बोलावून आणलं. काय सांगून आणलं देव जाणे, दोघंही छत्री घेऊन आले.

प्रेमिला बायकांच्या पायऱ्यांवरून कमरेएवढ्या पाण्यात उतरली. सगळ्यात गडद डागावर पुरचुंडी ठेवली आणि तिच्यावर टाच देऊन उभी राहिली.

“हा काय तमाशा?” दत्तोपंत म्हणाले.

“पाच मिनिटं उभे राहा. ती उन्हात उभी आहे, तुम्हाला छत्री आहे,” यमुताई म्हणाल्या.

मला फार भीती वाटत होती, न निघालं तर? दहा मिनिटं झाली असतील. प्रेमिलानं टाच उचलली, पायानंच पुरचुंडी बाजूला सारली. पाणी हललं, मग स्थिर झालं. तपकिरी डागाच्या मधोमध भाकरीएवढं निळं गोल. नव्या अस्तरासारखं निळं.

“हो, लोखंडच आहे हे,” मधुसूदन सर वाकून पाहत म्हणाले. “बोअरच्या पाण्यातलं. ब्लीचिंगनं खाली बसतं. मला तशी शंका होतीच.”

“होती?” यमुताई वळल्या. “मग त्या रविवारी काय चहा घशात अडकला होता?”

सरांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

मीही तेव्हाच बोललो. म्हटलं, “साहेब, बोअरचं पाणी लाल येते हे मले आधीच माहीत होतं. पावडर मी दुप्पट टाकली. बायांचा काही संबंध नाही.”

दत्तोपंतांनी वाकून तो निळा गोल पाहिला. मग म्हणाले, “ठीक आहे. आधी टँक साफ कर. मग बघू.”

पुढचे तीन दिवस मी घरी झोपलो तेवढाच. टँक सगळ्यांना बंद. फिल्टर थांबवला, लिंबूसताचं आख्खं पोतं बादल्यांमध्ये विरघळवून काठाकाठानं ओतलं. जिथं चिवट होतं तिथं पुरचुंड्या ठेवून वर उभा राहिलो. पायाच्या भेगांत लिंबूसत गेलं की काय होतं ते ज्याचं त्याला माहीत. चौथ्या दिवशी तळ निळा दिसायला लागला. पाणी मात्र पिवळट, कारण लोखंड कुठं गेलं नव्हतं. अस्तरावरचं सुटून पुन्हा पाण्यात आलं होतं.

मी दत्तोपंतांना हात जोडून सांगितलं, “साहेब, आता आठ दिवस पावडर टाकू नका. रोज थोडं पाणी काढून टाकू आणि तेवढं टँकरचं चांगलं भरू. लोखंड निघून जाईल, मग टाकू.”

“आठ दिवस बिनपावडरचं पाणी? पोरांना कावीळ झाली तर तू देशील उत्तर?”

“तर आठ दिवस पोरं पोहणार नाहीत.”

“म्हणजे पुरुषांची बॅचही बंद ठेवायची?”

बायकांची बंद ठेवताना हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. मी म्हटलं, “हाव.”

त्यांनी माझ्या हातून डबा घेतला आणि स्वतः, सदऱ्याच्या बाह्या सावरत, पावडर टाकली. मोजून नाही, ओंजळीनं. मी बाजूला उभा होतो. पाण्याचा रंग माझ्या डोळ्यांदेखत चढत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी डाग होते तिथंच होते. पायऱ्यांपाशी, पाइपाच्या तोंडाशी, तेच तांबडे-तपकिरी पट्टे. माझी तीन दिवसांची टाच आणि एक पोतं लिंबूसत पाण्यात गेलं. मी बांबू फेकला तो भिंतीवर आपटून चिरला.

पण एक गोष्ट झाली होती. यमुताईंनी ती संध्याकाळी शेडखाली उभं राहून बोलून दाखवली. “दत्तोपंत, वीस दिवस एकही बाई पाण्यात उतरलेली नाही. उतरली ती एकटी प्रेमिला, तीही डाग काढायला. आता हे डाग कोणाच्या अडचणीचे? तुमच्या का?”

शेडमध्ये कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. दत्तोपंतांचा चेहरा लाल झाला. आता बोर्डावरची नोटीस काढतील असं मला वाटलं. खरंच वाटलं. माणसाला खोटं दिसलं की तो ते पुसतो, असं मी त्या वयापर्यंत धरून चाललो होतो.

“विषय डागाचा नाहीच,” दत्तोपंत म्हणाले. “डाग कशाचेही असोत. एवढी चर्चा झाली, आता मेंबरांच्या मनात बसलं आहे. त्या पाण्यात उतरायला लोकांना कसंसं वाटतं. महिला बॅच या सीझनला बंदच राहील. पुढच्या वर्षी बघू. आणि रुपराव, अटेंडंट-बाईचं काम नसल्यामुळे तिची हजेरी आजपासून बंद.”

मधुसूदन सरांनी मान हलवली. होकारार्थी का नकारार्थी ते मला अजून कळलेलं नाही.

मी खोलीत येऊन प्रेमिलाला सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, “पावसाले किती दिस हाये?”

“दहा-बारा.”

“माहे अकरा फूट राह्यले होते,” ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुरुषांची बॅच. मी फाटकाशी किल्ली घेऊन उभा होतो. सात-आठ जण आत गेले, दत्तोपंतही, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि खांद्यावर टॉवेल. तेवढ्यात प्रेमिला आली. यमुताईंनी दिलेला पंजाबी ड्रेस, केस फडक्यानं घट्ट बांधलेले. फाटकाच्या आतलं दुसरं दार टँकवर उघडायचं, ते मी नुकतंच लावलं होतं.

“दार उघडता का भितीवरून चढू?”

“खोली जाईल वं.”

“जाऊ द्या न. खोली तर जानारच हाये, आज नाई त उद्या. तुमी तं आता बोलले हाये न त्याईच्यापुढं? मंग आता काहून भेता?”

मी दार उघडलं.

ती कोणाकडे न पाहता त्या डागाळलेल्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरली. पाण्यात चौघे होते. साप निघाल्यासारखे बाहेर पडले. एकाची चड्डी सुटली, ती धरून पळाला. ती कठड्याचा दांडा धरत धरत खोल बाजूला गेली, दोरीच्या पलीकडे, जिथं पाय टेकत नाहीत. तिथं थांबली. दांड्यावरची बोटं पांढरी झालेली मला दिसत होती.

“रुपराव!” दत्तोपंत समोरच्या काठावरून ओरडले. “तिला बाहेर काढ! ऐकू येतं का?”

तिनं दांडा सोडला.

सुंदर वगैरे काही पोहत नव्हती. मान ताणून वर धरलेली, पाय बदाबदा आपटत होते, पाणी चारी बाजूंना उडत होतं. पण पुढं सरकत होती. दहा फूट. पंधरा. मी चिरलेला बांबू उचलला आणि काठाकाठानं तिच्या बरोबरीनं चालू लागलो.

“रुपराव, मी काय सांगून राहिलो!”

“ती पोहून राहिली, साहेब. मधेच कशी काढू?”

मध्यावर तिच्या नाकात पाणी गेलं. फडकं सुटलं, केस तोंडावर आले, हात वेडेवाकडे पडायला लागले. एक क्षण डोकं खाली गेलं. मी बांबू पाण्यात घातला, तिच्या हाताशी नेला.

डोकं वर आलं. तोंडातलं पाणी थुंकत ती ओरडली, “बांबू नोको!”

मी मागे घेतला. ती पुन्हा हात मारू लागली. आता फार हळू. अकरा फूट होते, मग आठ, मग पाच. तिनं हात लांब केला, एकदा चुकला, दुसऱ्यांदा कठड्याची कड सापडली.

तिथंच दत्तोपंत उभे होते, तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर त्यांचे पाय. ती तशीच लटकून धापा टाकत राहिली. मग केस मागे सारले आणि वर पाहिलं.

“साहेब, पाय सरकवा. मले वर याचं हाये.”

दत्तोपंतांनी माझ्याकडे पाहिलं. मी बांबू भिंतीला टेकवून ठेवला. ती थांबली होती. त्यांनी एक पाय मागे घेतला, मग दुसरा.